मॅडम, कर्सर उड्या मारतोय

"माउस चालत नाही" असा फोन आला की मी आधी विचारायची, "चालत नाही म्हणजे नक्की काय करतोय?" पलीकडे शांतता. हीच माणसं डॉक्टरकडे गेली की कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं, सगळं रंगवून सांगतात. माउसचं दुखणं मात्र कुणाला सांगता येत नाही. कुणी म्हणायचं अडकतोय, कुणी म्हणायचं जड झालाय. भोसरीतल्या एका स्टोअरकीपरनं तर "मॅडम, तो सकाळपासून रुसलाय" असं सांगितलं होतं. मी गेले, सेल बदलला, रुसवा गेला. स्टोअरकीपर म्हणाला, "एवढंच होतं होय?" हे वाक्य मी नोकरीत जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा माझं नावसुद्धा ऐकलं नसेल.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका लहानशा फर्ममध्ये माझं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्या, त्यातली एक मोडक्या मॉनिटरांनी भरलेली. काम वर्षाच्या कराराचं. कंपनीनं वर्षाचे पैसे द्यायचे आणि वर्षभर त्यांच्याकडे काहीही बिघडलं की आम्ही धावायचं. मोठ्या कारखान्यांकडे त्यांची स्वतःची माणसं असतात. आमच्या वाट्याला भोसरीपासून चाकणपर्यंतचे मधले कारखाने, छोटी वर्कशॉपं, एखादी शाळा, एखादी पतसंस्था आणि जमिनींचे व्यवहार करणाऱ्यांची ऑफिसं. कासारवाडीच्या घरातून सकाळी स्कूटर काढायची, पायाशी बॅग ठेवायची आणि निघायचं. चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे उभी राहून मी जेवढं आयुष्य काढलंय तेवढ्यात दुसरी एखादी बाई पीएचडी झाली असती.

कंपनीच्या गेटवर दर नव्या वॉचमनशी ठरलेला संवाद व्हायचा.

"कुनाकडं जायचंय ताई?"

"आयटीत. कॉम्प्युटर बघायला आलेय."

"बरं. इंजिनिअर मागनं येतोय का?"

"मीच इंजिनिअर."

मग तो एकदा माझ्याकडं, एकदा माझ्या मागं रस्त्याकडं बघायचा. पहिली काही वर्षं मला राग यायचा. नंतर मीच म्हणायला लागले, "येतोय मागनं, तोवर मी चालू करून ठेवते." त्यावर तो लगेच आत सोडायचा.

तर माउस. सर्व्हर बंद पडला, व्हायरस शिरला, अशा मोठ्या गोष्टी माझ्याही पोतडीत आहेत, पण त्या सगळ्यांकडे असतात. मला आज या बारक्या जिवाबद्दलच लिहायचंय. वायरलेस माउस आले तेव्हा लोकांना वाटलं, वायरीची कटकट गेली. वायर गेली हे खरं. पण वायर असताना ती उपटली गेलेली निदान डोळ्यांनी दिसायची. आता कर्सर, म्हणजे पडद्यावरचा तो बाण, अडखळत चालायला लागला की नेमकं काय तुटलंय ते दिसत नाही.

ज्यांनी तो कधी उलटा करून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. माउसच्या पोटाखाली एक बारीक दिवा आणि एक डोळा असतो. तो डोळा टेबलाचे भराभर फोटो काढत असतो आणि आपण किती सरकलो ते त्यावरून ओळखतो. ओळखलेलं तो रेडिओसारखं हवेतून कॉम्प्युटरला कळवतो. ते ऐकायला कॉम्प्युटरला नखाएवढा एक तुकडा लावलेला असतो, त्याला आम्ही डोंगल म्हणतो. म्हणजे माउस अडखळला तर सेल उतरलाय, डोळ्यात काही गेलंय, नाहीतर डोंगलला नीट ऐकू येत नाहीय. माझी सगळी विद्या साधारण एवढीच.

सेलची दुखणी सगळ्यात जास्त. आपल्याकडे उतरलेला सेल फेकायचा नाही असा एक अलिखित कायदा आहे. तो काढून तळहातावर चोळतात, उन्हात ठेवतात, एक साहेब तर तो टेबलावर हलकेच आपटून परत घालायचे. चाकणमधल्या एका ऑफिसात दर महिन्याला माउस मरायचे. शेवटी माझ्या लक्षात आलं की पँट्रीतलं भिंतीवरचं घड्याळ मात्र कधी म्हणजे कधी मागे पडत नाही. चहा करणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "घड्याळ बंद पडून कसं चालंल? सायरन व्हायच्या आत चहा पोचाय नको?" कोणत्याही माउसमधला ताजा सेल घड्याळात आणि घड्याळातला उतरलेला माउसमध्ये, असा त्यांचा कारभार होता. मला त्यांचं म्हणणं पटलं. मी घड्याळासाठी वेगळे सेल आणून दिले.

डोळ्याच्या दुखण्यांचा हंगाम म्हणजे दसरा. खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात प्रत्येक मशिनची पूजा होते. लेथला हार, प्रेसला हार, फोर्कलिफ्टला ऊस आणि केळीचे खुंट. ऑफिसातली माणसं तरी मागे कशी राहतील? मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर फुलं आणि माउसच्या पाठीवर हळदकुंकू. भक्ती जास्त असली की तो उलटा करून पोटालाही लावायचे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी आमचा फोन वाजायचा थांबायचा नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं मी माउसच्या डोळ्यातलं कुंकू काढत बसायची आणि शेजारी उभा असलेला भक्त विचारायचा, "हळद तर चांगली असते ना मॅडम, जंतू मारते?" शेवटी मी दसऱ्याआधी सगळ्यांना सांगून ठेवायला लागले की पाठ तुमची, पोट माझं.

पुनावळ्यातले एक आप्पा मला कायम आठवतात. मूळ शेतकरी घर, आता जमिनीच्या व्यवहाराचं ऑफिस. ऑफिसात भलंमोठं काचेचं टेबल. त्यांच्या पुतण्यानं नवा माउस आणला, तो चालेना. दुसरा आणला, तोही चालेना. मी सांगितलं, "आप्पा, काच पारदर्शक आहे. त्याला खाली काही दिसत नाही, म्हणून तो सरकल्याचं त्याला कळत नाही. खाली काहीतरी ठेवा."

"टेबल काय भावाला घेतलंय म्हाईत हाय का? त्येच्यावर फडकं टाकू व्हय?"

"फडकं नको. एखादा जाड कागद."

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खणातून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. गावकी मोठी, आठवड्याला चार लग्नं. सोनेरी चमकणाऱ्या पत्रिकेवर माउस वेड्यासारखा पळाला. मी पाकीट पालथं घालून दिलं, तिथं तो गुमान चालला. पुढं जेव्हा जेव्हा गेले तेव्हा माउसखाली नव्या लग्नाचं पाकीट असायचं. "जुन्या लग्नावर चालवायला बरं वाटत न्हाई," असं आप्पांचं म्हणणं. त्यांनी माझी फी कधी थांबवली नाही, उलट दर वेळी गाडीच्या डिकीत वांगी नाहीतर शेंगा टाकायचे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एका माउसनं मला फार अस्वस्थ केलं होतं, आणि खरं तर त्याच्याचसाठी मी हे लिहायला बसले.

चाकणजवळच्या एका कारखान्यात आमचा करार होता. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबायचे साचे तिथं बनतात. साचा आधी कॉम्प्युटरवर काढतात, त्याचा डिझाइन विभाग वेगळा, एसी लावलेला, दारावर कुलूप. तिथे भालेराव नावाचे डिझायनर होते. मूळचे परभणीकडचे, तरुणपणी चिंचवडला आले आणि इथलेच झाले. ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीनं काम केलेल्या पिढीतले, नंतर कॉम्प्युटर शिकलेले. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. कंपनी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणार असं सगळे धरून चालले होते, कारण अवघड साचा आला की तो त्यांच्याच टेबलावर यायचा. बोलणं कमी, पण समोरच्याला बसायला खुर्ची दिल्याशिवाय बोलायचे नाहीत.

त्यांची तक्रार आली, "कर्सर उड्या मारतोय, मॅडम." आमच्या एका मुलानं जाऊन माउस बदलला. आठवड्यात पुन्हा तीच तक्रार. मग मी गेले.

मला एक सवय होती. दुरुस्तीला गेलं की उभ्या उभ्या बघायचं नाही, त्या माणसाच्या खुर्चीत बसायचं आणि त्याचं काम त्याच्यासारखंच थोडा वेळ करायचं. मी बसले. माउस लोण्यासारखा चालला. भालेरावांना बसवलं. तरीही नीट चालला. मी सेल बदलले, डोंगल काढून पुन्हा बसवला. तो कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला होता, कारण साच्यांची ड्रॉइंग कुणी पेन ड्राइव्हवर उचलून नेऊ नये म्हणून त्या विभागात पुढची सगळी भोकं कंपनीनं सील केली होती. मागे शेजारीच एक हार्ड डिस्क लावलेली होती. तिची वायर कधीकधी अशा रेडिओच्या कामात लुडबूड करते, म्हणून मी ती दुसऱ्या टोकाला लावली. "आता बघा," म्हणाले आणि निघाले.

चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गेले, पुन्हा माउस शहाण्या बाळासारखा. आता मला वैताग यायला लागला होता. मी जरा चिडूनच विचारलं, "भालेराव साहेब, हा होतो तरी कधी?"

"सकाळी होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "जेवण झालं की मग बरा ऱ्हातो. अन् तुम्ही आलात की काहीच करंना."

"मी काय मंत्र मारते काय?"

ते हसले नाहीत. नेहमी हसायचे.

विभागाचे मॅनेजर तरुण होते, सज्जन होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की भालेरावांच्या ड्रॉइंगमध्ये मागच्या महिन्यात चुका सापडल्या. एका ठिकाणी शेजारची रेघ निवडली गेली होती, माप चुकलं होतं. तपासणीत सापडलं म्हणून बरं, नाहीतर साचा वाया गेला असता. "आणि मॅडम, त्यांनीच मला काल सांगितलं, पुढं ठेवू नका म्हणून. मला काही समजत नाही. आधी किती उत्साहात होते."

निघताना पँट्रीत भालेराव भेटले. मी चहा घेतला, त्यांनाही कप दिला. त्यांनी तो घेऊन तसाच ओट्यावर ठेवला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही माउसच्या मागं लागू नका. माउस बरोबर आहे. माझा हात बिघडायलाय."

मी माझाही कप ओट्यावर ठेवला.

"माझे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या. जिल्ह्यात त्यांच्यासारखं अक्षर नव्हतं बघा. माझ्याच वयाचे होते तवा कंपवात सुरू झाला. आधी सकाळी सकाळीच व्हायचं, दुपारी बरं. आम्ही म्हणायचो काही नाही, थंडीनं होत असंल. मग पुढं ब्रश धरता येईना." त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. "घरी सांगितलं नाही मी. डॉक्टरकडं गेलो की ते खरं होऊन बसंल."

त्या दिवशी स्कूटरवर मी सगळा वेळ त्यांचा खिशात गेलेला हात बघत होते. मला भीती वाटत होती. माउसमध्ये काही सापडू दे असं मी त्या दिवशी मनोमन मागितलं. बिघाड सापडू दे म्हणून मी आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

पुढचा योग असा आला की त्याच कारखान्यात गेटजवळच्या वजनकाट्याचा प्रिंटर अडला. सकाळी लवकरच बोलावलं होतं. काम आटोपलं, आणि मला वाटलं, भालेरावांकडे डोकावून जावं. वजनकाट्यापासून डिझाइन विभागाला जायचं तर रिसेप्शनला वळसा घालण्यापेक्षा मशिनं चालतात त्या शॉपमधून, प्रेसच्या रांगेतून जवळ पडतं. मागच्या दारानं कुणीतरी बाहेर पडत होतं, ते मिटायच्या आत मी तशीच आत शिरले.

सगळ्या विभागात एकदम गडबड उडाली. खुर्च्या सरकल्या, कुणी टेबलाखाली वाकलं, कुणी पायानं काहीतरी आत ढकललं. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर होते तशी धांदल. मला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी लक्षही दिलं नाही, कारण भालेराव पाठमोरे बसलेले होते, कानाला त्यांच्या कमीच ऐकू येतं, आणि त्यांच्या पडद्यावर कर्सर उड्या मारत होता.

पहिल्यांदाच मला तो दिसला. थांबायचा, मग एकदम बोटभर पुढं जाऊन पडायचा. मी पडद्यावरची नजर काढली आणि त्यांचा हात बघितला. हात संथ जात होता. एका रेषेत, न थरथरता, पाटी रंगवणाऱ्याच्या मुलाचा हात जसा जाईल तसा.

"उठा," मी म्हणाले.

ते दचकले. माझ्याकडं आणि मग टेबलाखाली बघून वाकायला लागले. मी म्हटलं, "वाकू नका, काही हलवू नका, फक्त उठा." मी बसले, माउस धरला आणि सरकवला. कर्सर थांबला, आणि टुणकन उडाला. पुन्हा सरकवला, पुन्हा उडाला.

"भालेराव साहेब, माझ्या हातातही उडतोय."

ते जवळ सरकले. माझ्या हाताकडं बघत राहिले.

मग मी टेबलाखाली शिरले. कॉम्प्युटर भिंतीकडं पाठ करून ठेवलेला, आणि त्याच्या पाठीला चिकटून, डोंगलला अगदी अंगानं दाबून, स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा. हात लावला तर गरम.

आता यातली गंमत सांगते. डिझाइनचे कॉम्प्युटर ताकदीचे असतात, ते तापतात आणि मागून गरम वारा सोडतात. एसीच्या खोलीत डबा जेवणापर्यंत गारढोण होतो. तेव्हा त्या विभागातल्या कुणा हुशारानं शोध लावला होता की कॉम्प्युटरच्या मागे डबा ठेवला की पोळी मऊ राहते आणि भाजी गरम. मग सगळेच ठेवायला लागले. पण दारावर मोठ्या अक्षरांत सूचना होती की टेबलापाशी खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. ती सूचना कुणी लावायला लावली होती? मीच. एकदा एका कॉम्प्युटरमध्ये मुंग्यांचं वारूळ झालं होतं, तेव्हा मीच मॅनेजरच्या मागं लागून ती लावून घेतली होती. म्हणून रिसेप्शनवरून "मॅडम आल्या" असा फोन गेला की सगळे डबे पटापट बॅगेत जायचे. माझी ही एवढी दहशत मला ठाऊकच नव्हती. मी खुर्चीत बसेपर्यंत भालेरावांचा डबा हललेला असायचा, आणि डोंगलचे कान मोकळे झालेले असायचे. स्टीलचा डबा आडवा आला की हा रेडिओ बिचारा काय ऐकणार? बाकीच्यांचे डबे प्लॅस्टिकचे, त्यांच्या डोंगलना त्रास नव्हता. दुपारी डबा जेवायला गेला की माउस बरा. भालेराव आधी कँटीनमध्ये जेवत. पित्ताचा त्रास व्हायला लागला म्हणून दोन-तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मिसेसनी डबा द्यायला सुरुवात केली होती. दुखणंही तेव्हापासूनचंच.

मी डबा बाहेर काढला. "आता चालवा."

त्यांनी माउस धरला. कर्सर सरळ गेला.

मी डबा परत ठेवला. उडाला. काढला. सरळ गेला. मग त्यांनी मला बाजूला केलं, स्वतः गुडघ्यावर बसले, एका हातानं डबा आत सरकवला आणि दुसऱ्या हातानं वर माउस हलवून बघितला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला. कितीतरी वेळ त्यांचं ते चाललं होतं. मुलं भोवती जमली होती, एकानं हसायला सुरुवात केली, पण त्यांचा चेहरा बघून गप्प झाला. भालेराव रडत होते. आवाज नव्हता, नुसतं पाणी गळत होतं.

"म्हणजे डबाच होता?" ते म्हणाले. "मॅडम, डबाच होता?"

"डबाच होता."

 एवढंच होतं होय, असं त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही.

ते तोंड धुऊन तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. काचेतून मला दोघं दिसत होते. मॅनेजर आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. भालेराव बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"उशीर झाला. मी नको म्हटल्यावर दुसऱ्या प्लँटमधला एक जण घेतलाय. त्याला शब्द दिलाय. आता त्याला काय म्हणून नको म्हणावं?"

मला फार वाईट वाटलं. आधीच्या दोन फेऱ्यांत एकदा जरी मी मागच्या दारानं शिरले असते तर, असा विचार मी पुढं किती दिवस केला. तसं मी त्यांना बोललेही. ते म्हणाले, "जाऊ द्या हो. काम काय, भोसरीत वर्कशॉपं कमी आहेत का? हात आहे ना माझा." आणि मग मलाच जेवायला बसवलं. "डबा तुम्ही सोडवलाय. आता खाऊन जा."

पँट्रीत आम्ही बसलो. त्यांनी डबा उघडला. पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी बटाट्याची भाजी, फोडणीची कोरडी डाळ. पोळी माझ्यापुढं करता करता ते थांबले. कप्पे एकेक करून पुन्हा बघायला लागले.

"काय झालं?"

"आमटी नाही."

"नसू दे की. छान आहे सगळं."

"तसं नाही मॅडम. आम्ही परभणीकडची माणसं, आमटीशिवाय मला जेवण जात नाही. तिला ठाऊक आहे. पयले रोज द्यायची." ते बोलायचे थांबले, आणि मग त्यांना ते उलगडत गेलं तसं ते सांगायला लागले. "महिना झाला असंल. डब्यात पातळ काहीच नाही. मी म्हटलं, सांडतं म्हणून देत नसंल. वडिलांचा हात गेला ना, तवा आईनं त्यांना आमटी वाढायची बंद केली. चमच्यातून अंगावर सांडायची, चारचौघांत लाजायचे ते. आईनं कधी बोलून दाखवलं नाही. नुसतं सगळं कोरडं करायला लागली. आमचं तवा नवीन लग्न झालं होतं. हिनं ते बघितलंय."

मी घास तसाच हातात धरून बसले होते.

"मी तिला काहीच बोललो नव्हतो. कप हलंल या भीतीनं घरी चहा घ्यायचा बंद केला होता, तेवढंच. तिनं तेवढ्यावरनं ओळखलं. अन् मला विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि घरी लावला. प्रेसशेजारी उभी राहून साचे तपासण्यात कान गेलेली माणसं फोन मोठ्यानंच ऐकतात. समोर बसलेल्या मला पलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बाईंनी घाबरूनच फोन घेतला. या वेळेला त्यांचा फोन कधी जात नसणार.

"काय हो? काय झालं?"

"काही झालं नाही," भालेराव म्हणाले. "उद्या डब्यात आमटी दे."

पलीकडे वाहता नळ बंद झाला.  मग बाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"खरंच देऊ?"

"दे," भालेराव म्हणाले. "भरून दे."